तबकडीची टिकली

मी एक तबकडी बोलतेय. जेवणाची नव्हे, गाण्याचीही नव्हे; मोटारगाडीची. गोल काचेआड जो काटा फिरतो आणि गाडी किती वेगात चाललीय ते सांगतो, तो माझ्या पोटातला. हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा आणि ऐका.

आयर्लंड नावाचा एक हिरवा, ओला देश. त्यात तळ्यांच्या मधोमध मलिंगार नावाचं गाव. गावाबाहेर शेजारी शेजारी दोन घरं होती. एकात राहायचा फिन्टन नावाचा म्हातारा, एकटा. दुसऱ्यात नंदिनी नावाची सून आणि लीलावती नावाची सासू. नंदिनीचा नवरा केदार डॉक्टर होता, पण तो नोकरीपायी दूर वॉटरफोर्डला. आणि फिन्टनच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, एका जुन्या गाडीत बसलेली मी.

माझा जन्म १९६१ सालचा, इंग्लंडातला. अंगावर आकडे उमटले, शून्यापासून ऐंशीपर्यंत, सगळे मैलांचे. मग खोक्यात बसून, गाडीच्या सुट्ट्या भागांबरोबर समुद्र ओलांडून मी डब्लिनला आले. तिथं भागाला भाग जोडून गाडी उभी राहिली, राखाडी रंगाची, गोलगोल डोळ्यांची. मला बसवलं डॅशबोर्डच्या मधोमध.

मधोमध बसल्याचा एक फायदा असतो. चालवणाराही दिसतो आणि शेजारी बसलेलाही. माणसं रस्त्याकडे बघतात, मी माणसांकडे बघते. घाबरलेला माणूस दर दोन क्षणांनी माझ्याकडे बघतो. निवांत माणूस मला विसरून जातो. आणि ज्याला उशीर झालेला असतो तो माझ्याकडे बघायचंच टाळतो, कारण मी काय सांगणार ते त्याला ठाऊक असतं.

माझी पहिली मालकीण ऊना, फिन्टनची बायको. ती घरोघर फिरणारी नर्स होती. कुणाची जखम बांधायची, कुणाची बाळंतीण बघायची, रात्र असो की पहाट. माझ्या पाठीशी तेव्हा हरभऱ्याएवढे दोन दिवे होते. ते लागले की माझा चेहरा उजळायचा, आणि त्याच उजेडात तिचाही. मूल सुखरूप जन्मलं की येताना ती गुणगुणायची. गुणगुण ऐकू आली नाही, तर मीही काही विचारत नसे.

ऊना निवृत्त झाली. पुढे एक दिवा गेला, मग दुसरा. फिन्टन म्हणाला, "आता अंधारात जायचंय कुठं आपल्याला?" खरंच, कुठं जायचं नव्हतं. दिवसाउजेडी चर्चला जायचं, बाजाराला जायचं, चार वाजायच्या आत घरी. मग २००५ साली या देशानं एका रात्रीत रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या. मैल गेले, किलोमीटर आले. मला कोण विचारतो? मी आपली मैलांतच बोलत राहिले. २०१६ साली ऊना गेली आणि माझ्यावर ताडपत्री पडली.

पण फिन्टन नेमाचा माणूस. दर रविवारी ताडपत्री काढायचा, इंजिन चालू करायचा, शेडभोवती एक फेरी मारायचा आणि मला रुमालानं पुसायचा. टॅक्स, विमा, सगळं वेळच्या वेळी. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडात जन्मलेली तू, मराठी कुठं शिकलीस? लीलावतीबाईंकडून. त्या मिरजेच्या. २०२० च्या फेब्रुवारीत लेकाकडे दोन महिन्यांसाठी आल्या, आणि मार्चमध्ये ती साथ आली, विमानं थांबली ती थांबलीच. इथल्या पावसात कपडे वाळेनात, म्हणून फिन्टननं त्यांना शेडमध्ये दोरी बांधून दिली. त्या रोज कपडे वाळत घालायला यायच्या आणि एकट्याच बोलायच्या. सुनेबद्दल, लेकाबद्दल, आणि गेलेल्या नवऱ्याबद्दल. मोरेश्वर त्यांचं नाव. मिरजेत स्टँडजवळ मोटार वायरिंगचं दुकान होतं त्यांचं. लीलावतीबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण पस्तीस वर्षं त्या दुकानात बसून नवऱ्याला तारा सोलून दिलेल्या. हे सगळं ऐकून ऐकून मला भाषा आली.

आणि नंदिनीचं दुःखही मला त्यांच्याच तोंडून कळलं.

नंदिनी फिजिओथेरपिस्ट. इथं आल्यापासून दोन वर्षं तिची कागदपत्रंच चालली होती. अखेर नोव्हेंबरात पत्र आलं. नोकरी मिळाली, कायमची. मलिंगारच्या आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना चालतं-फिरतं करायचं. अट एकच: ३१ डिसेंबरच्या आत गाडी चालवायचं पक्कं लायसन दाखवा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ.

भारतातलं लायसन इथं चालत नाही. आणि इथल्या परीक्षेत नंदिनी दोनदा नापास झाली होती. वेगात चालवली म्हणून नव्हे, फार हळू चालवली म्हणून! मिरजेच्या रस्त्यावर म्हैस, रिक्षा, शाळेची पोरं यांच्यातून वाट काढत शिकलेली ती. केदारनंही तिला सांगून ठेवलं होतं, "हळू चालवणाऱ्याला कोण नापास करतंय?" इथं करतात. मागच्यांचा खोळंबा होतो म्हणून करतात.

केदारचं काम सहा-सहा महिन्यांचं. आधी एनिस, मग मलिंगार, मग वॉटरफोर्ड. दरवेळी खोकी बांधा, नवं घर शोधा. नंदिनीला ही नोकरी लागली तर घर इथंच राहणार होतं, आणि केदारनंही इथंच पक्कं काम मिळवायचं असं दोघांचं ठरलं होतं. नाही लागली, तर जानेवारीत पुन्हा खोकी. लीलावतीबाई ओले टॉवेल पिळता पिळता म्हणायच्या, "आयुष्यभर एका गावात राहिले बाई मी. ह्यांचा संसार म्हणजे एसटीचं वेळापत्रक."

परीक्षेची तारीख आली, १७ डिसेंबर, दुपारी तीन चाळीस. आणि आठ तारखेला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा फोन आला. घरात कुणाला तरी साथीची लागण, मास्तर चौदा दिवस कोंडून, त्यांची गाडीही नाही. नंदिनीच्या घरची गाडी केदारकडे वॉटरफोर्डला. आणि जिल्ह्याबाहेर जायला अठरा तारखेपर्यंत बंदी!

त्या दिवशी नंदिनी शेडमध्ये येऊन कपड्यांच्या दोरीखाली रडली. फिन्टन दारात उभा होता. त्यानं टोपी काढली, परत घातली. मग माझी ताडपत्री ओढली. रविवार नसताना.

"ही ऊनाची," तो म्हणाला. "म्हातारी आहे, पण ग्रँड आहे." इथं ग्रँड म्हणजे छान, ठीकठाक.

त्या दिवसांत एकट्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. फिन्टननं याच घराशी जोडून घेतलं होतं, म्हणून एका गाडीत बसायला हरकत नव्हती. तासभर फोनवर बसून त्यानं नंदिनीचं नाव विम्यात घालून घेतलं. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला लागतो, तो फिन्टन. त्याच्या लायसनची गंमतच आहे. एकोणऐंशी साली परीक्षेसाठी एवढी रांग लागली होती, की सरकारनं वैतागून रांगेतल्या माणसांना लायसन वाटून टाकली. त्यात फिन्टनला मिळालं. परीक्षा त्यानं कधी दिलीच नाही.

"म्हणजे हा कधी पास झालाच न्हाई?" लीलावतीबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

"नाही आई."

"आणि हा तुला शिकवणार! चल बाई, घे देवाचं नाव."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पन्नासची पाटी आली. नंदिनीनं माझ्याकडे बघितलं आणि हिय्या करून काटा पन्नासावर आणला. यावेळी हळू जायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलेलं. मी ओरडून सांगत होते, अगं बये, मी मैलांची आहे, पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर! पण तबकडीला आवाज असतो का? कुंपणं सर्रकन मागे पळायला लागली. फिन्टननं दाराची मूठ गच्च धरली.

"यू आर ग्रँड," तो म्हणाला. पण त्याचा आवाज काही ग्रँड नव्हता.

गाडी थांबल्यावर त्यानं समजावून सांगितलं. पन्नास किलोमीटर म्हणजे माझे एकतीस मैल. ऐंशी म्हणजे माझे पन्नास. नंदिनीचा चेहरा पांढराफटक पडला. येताना तिनं काटा पंधराच्या वर जाऊच दिला नाही. मागे एक ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे सात मोटारी. लग्नाची वरातच!

"एकतीस कुठं आणि पन्नास कुठं, चालवता चालवता हिशेब कोण करत बसणार?" ती घरी येऊन म्हणाली. "मी तिसऱ्यांदा नापास होणार, आई."

लीलावतीबाईंनी पर्स उघडली. सुनेसाठी मिरजेहून आणलेलं टिकल्यांचं पाकीट तसंच पडून होतं. तोंडाला मास्क, मास्कवर काच, टिकली लावून दाखवायची कुणाला? त्यांनी एक मोठी टिकली काढली.

"एकतीस कुठं हाय, दाखव."

नंदिनीनं बोट ठेवलं. त्यांनी तिथं माझ्या काचेवर टिकली दाबून बसवली. पन्नासावर दुसरी, बारकी.

"आता आकडे बघू नकोस. गावात मोठ्या टिकलीपर्यंत, गावाबाहेर बारक्या टिकलीपर्यंत. अलीकडं थांबायचं न्हाई, पलीकडं जायचं न्हाई."

साठीला टेकले होते मी. या वयात पहिल्यांदा कुणी मला टिकली लावली. खोटं कशाला सांगू, तो दिवसभर मी मिरवत होते.

टिकलीनं काम केलं. तीन दिवसांत नंदिनीची गाडी सुतासारखी चालू लागली. आणि मग चौथ्या दिवशी त्यांना निघायलाच उशीर झाला. इथं डिसेंबरात चार वाजले की दिवस मावळतो. तळ्याच्या वळणावर अंधार झाला, आणि मी दिसेनाशी झाले. टिकली नाही, काटा नाही, काही नाही. नंदिनीचा पाय आपोआप वर आला. गाडी पुन्हा पंधरावर.

"परीक्षा तीन चाळीसला सुरू, साडेचारला संपणार," ती पुटपुटली. "अर्धी परीक्षा अंधारात."

"परीक्षकालाही काटा दिसावा लागेल," फिन्टन म्हणाला. "नाही दिसला तर तो सरळ उतरून जाईल." मग माझ्या काचेवर बोट टेकवून, "इथं दिवे होते. ऊनाच्या वेळी."

रात्री केदारचा व्हिडिओ कॉल. नंदिनीनं फोन माझ्यासमोर धरला.

"सोपं आहे गं नंदू. एलईडी मागव. लख्ख उजेड पडेल. मी व्हिडिओ पाठवतो, बघून बघून बसव."

"तू कधी बसवलायस?"

"मी माणसाच्या हृदयात तार बसवतो, ही तर गाडी आहे!"

एलईडी चौदा तारखेला पोस्टानं आले. पंधराला नंदिनी व्हिडिओ बघून कामाला लागली. डॅशबोर्डखाली हात घालून तिनं माझ्या पाठीचे दिव्यांचे होल्डर ओढून काढले. पितळेचे, गंजून हिरवे झालेले. त्यात नवे एलईडी बसवले, बटण ओढलं. काही नाही. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. काही नाही. केदार फोनवरून म्हणत राहिला, "कनेक्शन लूज असेल. घट्ट दाब." शेवटी त्याला वॉर्डात बोलावणं आलं आणि फोन बंद झाला.

लीलावतीबाई इतका वेळ दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी घड्या घातल्या, बास्केट खाली ठेवली आणि गाडीच्या पुढे आल्या.

"झाकण उघड. बॅटरी बघू दे."

"आई, बॅटरी चांगली आहे. हेडलाइट लागतायत की."

"उघड तर."

बॉनेट उघडलं. लीलावतीबाईंना अधिक-उणेची चिन्हं वाचता येत नव्हती. पण बॅटरीचे दोन खांब सारखे नसतात, एक जाडा असतो आणि एक बारका, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही चाचपले, तारेमागे बोट फिरवत गेल्या आणि हसायलाच लागल्या.

"अगं, जाडा खांब अंगाला लावलाय की! ही उलट्या अर्थिंगची गाडी."

"म्हणजे?"

"आताच्या गाड्यांत बारका खांब बॉडीला असतो. ह्या जुन्यांत जाडा. आमच्याकडं जुन्या अँबॅसिडर यायच्या, त्यांचं असंच. ह्यांनी एकदा नवा रेडिओ सुलटा लावला आणि धूर काढला होता. दोन दिवस जेवले न्हाईत." त्यांनी एलईडी बोटात धरून बघितला. "ह्याला एकाच दारानं आत यायची सवय. इथलं दार उलट्या बाजूला. बिचारा पेटणार कसा? काचेचा साधा दिवा लागतो हिला. तो भोळा असतो, कुठूनही ये म्हणतो."

मला माझी ही गोष्ट ठाऊक होती, पण मी कुणाला सांगणार? पस्तीस वर्षं तारा सोललेल्या बाईनं बोटांनी ओळखली.

पण तसा दिवा आणायचा कुठून? इंग्लंडहून पोस्टानं यायला आठवडा. नंदिनीनं मागवून ठेवला, पण हातात राहिला होता एकच दिवस. ती फिन्टनला सांगत होती, एवढासा, फिरकीचा, बारा व्होल्टचा. फिन्टन ऐकत होता. मग तो घरात गेला. बराच वेळ आला नाही.

आला तेव्हा त्याच्या हातात बिस्किटांचा जुना डबा होता. डब्यात गुंडाळून ठेवलेली दिव्यांची माळ. ख्रिसमसच्या झाडावर घालायची, वीस रंगीत दिव्यांची. ऊना गेल्यापासून ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, पडून होती.

लीलावतीबाईंनी एक दिवा फिरवून काढला आणि माझ्या होल्डरमध्ये धरून बघितला. फिरकी तंतोतंत बसली.

"बाराचाच असणार. वीस मिळून घरातली वीज वाटून घेतात. पण ह्याला विचार नंदिनी, दोन काढले तर सबंध माळ बंद पडेल. एकामागं एक ओवलेली हाय ती."

नंदिनीनं विचारायच्या आतच फिन्टन म्हणाला, "माहीत आहे. एक गेला की सगळे जातात. ऊना दरवर्षी मला ओरडायची." त्यानं माळ मांडीवर घेतली, एकेक दिवा उजेडाकडे धरून बघितला आणि दोन पिवळे निवडले. "पिवळे घ्या. लाल दिव्यात नंदिनीला आकडे दिसायचे नाहीत."

मग लीलावतीबाईंनी पदर खोचला. पहिला हुकूम, "बॅटरीच्या खांबाची तार सोडव. तार जिवंत असताना हात घालायचा न्हाई." दुसरा हुकूम, चिंच आणि मीठ. स्वयंपाकघरातून चिंचेचा कोळ आला. माझे हिरवे होल्डर त्यांनी देवाच्या भांड्यांसारखे घासले, धुतले, तव्यावर कोरडे केले. तेव्हा त्यातून सोन्यासारखं पितळ निघालं. डॅशबोर्डखालच्या अंधारात त्यांना दिसत नव्हतं, म्हणून नंदिनी टॉर्च धरून तारांचे रंग सांगत होती.

"लाल."

"नुसती लाल नको. ती मागच्या दिव्याची. लालवर पांढरी रेघ असलेली बघ."

"आहे! आई, तुम्हाला कसं..."

"ज्या देशाची गाडी त्या देशाचे रंग. मिरजेत काय आणि इथं काय." कापडी आवरण जिथं झडलं होतं तिथं त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली, दोन्ही दिवे फिरवून बसवले, बॅटरी जोडायला सांगितली. "ओढ बटण."

बटण ओढलं. उजेड आला नाही. नंदिनीनं डोळे मिटले. लीलावतीबाईंनी माझ्या काचेखाली एक टिचकी मारली.

आणि मी पेटले! तीस वर्षांनी. पिवळा, मधासारखा उजेड. त्या उजेडात मला पहिला चेहरा दिसला तो सुरकुत्यांचा, पांढऱ्या केसांचा, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरलेला. मागे फिन्टन होता. तो माझ्याकडे एकदाच बघून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

सतरा तारीख उजाडली. परीक्षा केंद्राच्या आवारात फिन्टन आणि लीलावतीबाई उतरले. परीक्षक आत बसला. उंच, किडकिडीत माणूस, मास्कमुळे चष्म्यावर वाफ. खिडक्या नियमानं उघड्या, थंडी हाडापर्यंत. गुडघे कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हे काय?"

"पन्नास किलोमीटर," नंदिनी म्हणाली. "म्हणजे एकतीस मैल. आणि ते छोटं, ऐंशी."

"हं," तो म्हणाला आणि काहीतरी लिहिलं.

गावातून गेलो. शाळा, चौक, कालव्यावरचा पूल. काटा मोठ्या टिकलीला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. माझा काटा तरुणपणापासून थोडा थरथरतो. त्या दिवशी मी श्वास रोखून धरला होता, तबकडीला जमतो तेवढा. चार वाजून गेले. अंधार उतरला. नंदिनीनं बटण ओढलं, मी उजळले. परीक्षक माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

गावाबाहेरच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली आणि मी विझले.

नंदिनीचा पाय वर यायला लागला. मला ठाऊक होतं ते. पंचवीसवर येईल, मग पंधरावर, मग तिसऱ्यांदा तेच पत्र, आणि जानेवारीत खोकी. मागे कुणाच्या तरी मोटारीचे दिवे जवळ आले. परीक्षकानं पेन उचललं.

नंदिनीनं डावा हात पुढे केला आणि माझ्या काचेखाली टिचकी मारली. अगदी सासूसारखी.

मी पेटले. काटा तिसावर होता. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. परीक्षकाला वाटलं असेल मंत्र आहे. मला शब्द कळले. "अलीकडं थांबायचं न्हाई." पाय खाली गेला. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. काटा बारक्या टिकलीला टेकला. तिथून तो हलला नाही, थेट गावाच्या पाटीपर्यंत.

आवारात परतलो तेव्हा दोघं म्हातारे बाकाच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये चहाचा थर्मास. लीलावतीबाईंच्या डोक्याला माकडटोपी, त्यावर शाल. परीक्षक उतरला, खिडकीबाहेर उभा राहून कागद भरत राहिला. मग वाकून म्हणाला, "पास." आणि निघता निघता, "ते ठिपके काढू नका."

"काय म्हणाला गं तो?" लीलावतीबाई बाकावरून ओरडल्या. नंदिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती, आणि माझ्या पिवळ्या उजेडात ते रडणंसुद्धा इतकं सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! फिन्टननं टोपी हवेत उडवली. ती चिखलात पडली. त्यानं तशीच डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यांच्या वेशी उघडल्या आणि केदार तीन तास गाडी हाणत घरी आला. आल्या आल्या शेडमध्ये येऊन त्यानं बॅटरीचे खांब बघितले.

"या डॉक्टर," लीलावतीबाई म्हणाल्या. "पेशंट उलटा निजला होता, तुम्ही पाठीवरून घसा तपासत होता."

"आई, पुरे हं."

"पुरे काय? फी किती झाली विचार."

तेवीस तारखेला इंग्लंडहून पार्सल आलं. दोन साधे दिवे, अगदी माझ्यासाठीच बनवलेले. नंदिनी ऊनाचे दिवे काढून फिन्टनला परत द्यायला निघाली. फिन्टननं तिचा हात धरला.

"तिचे तिथंच राहू देत. अंधारात तीच जायची ना या गाडीतून." त्यानं पार्सलमधले दिवे घेतले, डबा उघडला आणि माळेच्या दोन रिकाम्या जागी फिरवून बसवले. दुसऱ्या दिवशी, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, इथल्या रिवाजाप्रमाणे त्यानं खिडकीत मेणबत्ती लावली, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा ती माळही. मी अंगणातून बघत होते. अठरा रंगीत दिवे, आणि मधे दोन पांढरे. माझ्या वाटचे.

जानेवारीत नंदिनी कामाला लागली. पुन्हा सगळीकडे बंदी होती, पण तिला जायचंच होतं. घरची गाडी केदारकडे, म्हणून पहिले दोन महिने मीच तिच्याबरोबर हिंडले. तेच रस्ते, तीच वळणं. एका शेतावर एक म्हातारी खिडकीत बसली होती. कंबर मोडलेली, कुणाशी बोलत नव्हती म्हणे. आमचा आवाज ऐकून ती उठायला धडपडली. "ऊनाची गाडी!" ती म्हणाली. नंदिनीनं तिला दोन्ही हातांनी उभं केलं. त्या संध्याकाळी परत येताना नंदिनी गुणगुणत होती. कोणतं गाणं ते मला ठाऊक नाही, चाल मात्र ओळखीची वाटली.

आता माझं बरं चाललंय. ताडपत्री कायमची गेली, तिच्यावर फिन्टननं बटाटे वाळत घातलेत. पिवळे दिवे अधूनमधून रुसतात, टिचकी मारली की हसतात. मोठी टिकली एकदा उन्हानं निघाली होती, लीलावतीबाईंनी पाकिटातली दुसरी लावली. त्यांचं ऑक्टोबरचं तिकीट काढून झालंय. जाताना उरलेलं पाकीट त्या माझ्या खालच्या कप्प्यात ठेवून जाणार आहेत. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी ताडपत्रीखाली असेल, तर एकदा बॅटरीचे खांब चाचपून बघा. दर वेळी दिवाच गेलेला असतो असं नाही, कधी कधी आपणच उलटं जोडत असतो.

आणि जुलैमध्ये, २०२१ च्या जुलैमध्ये, केदारला मलिंगारच्याच दवाखान्यात पक्की जागा मिळाली. पत्र आलं त्या संध्याकाळी सगळे माझ्या गाडीत बसून तळ्यावर गेले. पुढे नंदिनी आणि फिन्टन, मागे केदार आणि त्याची आई. खोकी बांधायची नाहीत, घर शोधायचं नाही. परतताना अंधारलं, नंदिनीनं बटण ओढलं, आणि माझ्या उजेडात मी चारही चेहरे बघितले, पुढचे दोन समोर आणि मागचे दोन आरशात. जसा त्यांच्या वाटेवर उजेड पडला, तसा तुमच्या-आमच्या वाटेवर पडो, आणि काटा टिकलीला टेको.